क्रिएटिनिन ०.९२ वरून १.०४ झालं, म्हणजे नक्की काय झालं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४३, तक्रार काहीही नाही, वार्षिक तपासणी. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला मोजतात ते) ०.९२ वरून १.०४, टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारं हार्मोन) २.१ वरून ३.०, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) २ लाख ६२ हजारांवरून २ लाख १४ हजार. तिन्ही आकडे रेंजमध्ये आहेत, तरी "सगळं चुकीच्या दिशेने चाललंय" म्हणून तुम्ही तीन आठवडे झोपेचं खोबरं करून घेतलंय, आणि आता दर महिन्याला सगळं परत तपासायचा बेत आहे. मी डॉक्टर नाही. २६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त. आकडा कसा तयार होतो ते मी सांगू शकते, त्याचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील.

सकाळी मशीन सुरू झालं की पेशंटच्या सॅम्पलआधी आम्ही कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे आधीच मूल्य ठाऊक असलेलं तयार सिरम. मशीन भानावर आहे ना, हे त्यावरून कळतं. तेच सिरम, तोच लॉट, पण आज १.०१ येतं, उद्या ०.९८, परवा १.०३. चार्टवर ठिपके मधल्या रेषेच्या वर-खाली होत राहतात आणि आम्ही निवांत असतो. सलग सात-आठ ठिपके एकाच बाजूला पडले, की मात्र चहा बाजूला ठेवून शोधाशोध सुरू. (रोज हुबेहूब तोच आकडा दिसला, तर आमचे सर मशीनवर नाही, चार्ट भरणाऱ्यावर संशय घ्यायचे.)

आणि ते सिरम बाटलीतलं. त्याने आदल्या रात्री मटण खाल्लेलं नसतं, ते कमी पाणी पीत नाही आणि जिमलाही जात नाही. तुम्ही जाता. मशीनचा फरक आणि शरीराचा रोजचा चढउतार एकत्र धरला, तर दोन रिपोर्टांत किती अंतर पडलं म्हणजे खरोखर काही बदललंय असं मानायचं, याचा हिशोब करता येतो. त्याला रेफरन्स चेंज व्हॅल्यू म्हणतात. क्रिएटिनिनला ती ढोबळमानाने १५ ते २० टक्के, प्लेटलेट्सना २० ते २५ आणि टीएसएचला ५० च्या आसपास पडते. तुमचे फरक अनुक्रमे १३, १८ आणि ४३ टक्के. म्हणजे तिन्ही त्या अंतराच्या आतच.

आता तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलेलं. गेल्या वर्षीचं रक्त ऑफिसच्या कॅम्पमध्ये दुपारी दोनला दिलं होतं, यंदाचं घरी सकाळी साडेसहाला, आणि लॅबही दुसरी. टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेलं असतं, दुपारी उतरतं. त्यामुळे थायरॉईड जिथल्या तिथे असलं तरी पहाटेचा आकडा जास्तच यायचा. दुसरं, जानेवारीपासून जिम आणि पावडर सुरू आहे म्हणता. त्या डब्यावर क्रिएटिन लिहिलंय का बघा. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं, आणि स्नायू वाढले तरी ते थोडं वर जातं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा डबा सोबत न्या.

ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, कमी झाल्याचं तुम्ही चौथी काळजी म्हणून मांडलंय, ते वेगळं धरू नका. ते मशीन मोजत नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग सूत्रात घालून ते काढलेलं असतं. क्रिएटिनिन वर गेलं की ते खाली येणारच. एकच गोष्ट तुम्ही दोनदा मोजून दुप्पट घाबरलात.

प्लेटलेट्सबद्दल तर आमच्याच लोकांच्या चुका सांगते. सीबीसीची, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीची, ती जांभळ्या झाकणाची ट्यूब असते ना, ती रक्त भरल्यावर लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची असते. घाईत तसं केलं नाही, की आत बारीक गुठळ्या होतात आणि मशीन अख्खा पुंजका एकच काहीतरी समजून पुढे जातं. काही माणसांच्या प्लेटलेट्स तर त्या ट्यूबमधल्या ईडीटीएनेच, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनानेच, एकमेकींना चिकटतात. मी स्वतः ६० हजारांचा आकडा रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खोटा ठरवलाय. काचेवर कडेला प्लेटलेट्सचे झुबके दिसत होते, पेशंट बाहेर बाकावर रडत होती. तुमचे २ लाख १४ हजार आहेत, तुम्हाला स्लाइडचीही गरज नाही.

तुम्ही घेतलेलं ते ७०-८० तपासण्यांचं पॅकेज मला मुळातच आवडत नाही. रेंज ठरवतानाच निरोगी माणसांतले मधले ९५ टक्के आत घेतात, उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर राहतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या धडधाकट माणसाच्या केल्या, तर किमान एकीवर लाल बाण, म्हणजे रेंजबाहेरची खूण, येण्याची शक्यता ६४ टक्के. सणाची ऑफर म्हणून घेतलेले बाण असतात ते.

हे सगळं ठाऊक असून मीही घाबरलेय. निवृत्तीनंतर पहिल्याच तपासणीत माझं पोटॅशियम ५.८, म्हणजे रेंजच्या वर, आलं. रक्त घेणाऱ्या पोराला शीर सापडेना. दोनदा टोचलं, पट्टा बराच वेळ बांधलेला, आणि "मावशी, मूठ उघडा-मिटा" चाललेलं. यातल्या प्रत्येक गोष्टीने पोटॅशियम खोटं वाढू शकतं, हे मीच किती मुलांना शिकवलं असेल. तरी त्या रात्री हृदयाचे ठोके मोजत बसले. दुसऱ्या दिवशी नीट घेतलेल्या सॅम्पलवर ४.४.

मग लक्ष कधी द्यायचं? आमच्या शेजारच्या काकांचं हिमोग्लोबिन तीन वर्षांत १५.१, १४.४, १३.६ असं उतरलं. रेंज १३ ते १७, त्यामुळे तिन्ही रिपोर्टांवर एकही बाण नाही. लॅब तीच, वेळही सकाळचीच. त्यांच्या डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. मोठ्या आतड्यात हळूहळू रक्त सोडणारा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा कोंब, निघाला. तुमच्याकडे दोनच ठिपके आहेत, तेही वेगवेगळ्या लॅबचे. कुठल्याही दोन ठिपक्यांतून रेघ मारता येते. वजन आपोआप उतरणं, बारीक ताप, पायांना सूज, लघवीला फेस, अंगावर निळे डाग, असलं काही सोबत असेल तर मात्र वर्षभर थांबू नका, लगेच दाखवा.

दर महिन्याचा बेत सोडा. महिन्याला २० आकडे काढलेत, तर कधी ना कधी एखादा नवा बाण मिळेलच. डॉक्टरांना क्रिएटिनिनची शंका वाटली, तर ते तीनेक महिन्यांनी तेवढंच परत करायला सांगतील. किडनीचा जुनाट आजार म्हणायलासुद्धा बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला लागतो. पावडर आधी काही दिवस बंद ठेवायची का, तेही त्यांनाच विचारा. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही लॅबच्या पद्धतीत त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात.

हे आकडे मांडायला तुम्ही केलेली ती एक्सेल शीट ठेवा, चांगली बनवलीय. फक्त लाल-हिरवे रंग काढून टाका आणि चार रकाने वाढवा: लॅब कोणती, रक्त किती वाजता दिलं, आदल्या रात्री काय जेवलात, त्या आठवड्यात आजारी होता का.