‘दोन मिनिटं’ म्हणण्याआधी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तू कामाला आहेस त्या खानावळीत आणि खोल्यांवर दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत तुला हे लिहायचं होतं. फोनवर तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. आपल्या कुठल्या बोलण्यावर गिऱ्हाईक चिडतं, ही एक. आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यानं आपलं डोकं फिरतं तेव्हा काय करायचं, ही दुसरी. आधी पहिलीचं सांगते. ती पूर्ण आपल्या हातात आहे.

मालवणात खानावळ चालवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात ‘दोन मिनिटं’ बसलेलं आहे. गेल्या मे महिन्यात मी एका ठिकाणी जेवायला गेले होते. शेजारच्या टेबलावर किल्ला बघून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. दुपारचे अडीच वाजून गेलेले, पोरगा पाच-सहा वर्षांचा, उन्हानं लाल झालेला. पहिल्यांदा ‘दोन मिनिटं’ ऐकल्यावर बाप हसून मान हलवता झाला. दुसऱ्या वेळेला त्यानं घड्याळ बघितलं. तोवर पोरानं सोलकढीचा रिकामा पेला पालथा घालून चमच्यानं वाजवायला सुरुवात केली होती आणि आई त्याचा हात धरत होती. तिसऱ्यांदा वाढणारा मुलगा ‘दोनच मिनिटं हां, येतंच आहे’ म्हणाला, तसा बाप खुर्ची मागे सारून उठला. मी बसले होते तिथून आतलं दिसत होतं. सुरमईच्या तुकड्या अजून मसाल्यातच होत्या, रव्यात घोळायच्या राहिल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांना ‘पंचवीस मिनिटं लागतील, बाळाला तोवर भात आणि डाळ देऊ का?’ असं कोणी विचारलं असतं, तर तो माणूस शांतपणे बसला असता. त्याला उशीर झाला म्हणून राग आला नव्हता. किती वेळ बसायचं हे त्याला कोणी सांगतच नव्हतं.

मला तुला मुळात एवढंच सांगायचं आहे. माणूस काहीतरी कळून घ्यायला विचारतो, आणि त्या जागी आपण एक तयार शब्द ठेवून देतो. तो शब्द कितीही गोड असला तरी टोचतो. तुझ्या तोंडात असा शब्द आला की क्षणभर थांब आणि समोरच्याला काय कळायला हवं होतं ते बघ. वेळ हवी असेल तर आकडा सांग. पैसे हवे असतील तर रक्कम सांग.

पैशांवरून आठवलं. आपल्याकडच्या निम्म्या मेन्यूकार्डांवर पापलेटच्या आणि सुरमईच्या पुढे ‘साईझनुसार’ लिहिलेलं असतं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण मासा रोज एका आकाराचा येत नाही आणि लिलावात भाव रोज वेगळा फुटतो. पण बाहेरून आलेल्या माणसाच्या पोटात त्या एका शब्दानं गोळा येतो. पूर्ण जेवण तो बिलाच्या विचारात करतो. म्हणून मासा तव्यावर जायच्या आत ताटलीत घालून टेबलापर्यंत ने. ‘हे पापलेट, हे एवढ्याला, करू का?’ असं विचार. ‘नको, बांगडा द्या’ म्हणाले तर तोंड वाकडं न करता बांगडा दे. खरं सांगते, असं दाखवून केलेला मासा लोक जास्त मागवतात.

आता ‘बघुया’. यावर जरा वेळ घेते, कारण यात दोष कोणाचाच नसतो आणि भांडण मात्र हमखास होतं. आपल्या गावात कोणी काही मागितलं आणि आपण ‘बघुया’ म्हणालो, की मागणाऱ्याला कळतं. नाही म्हटलेलं आहे, पण त्याचं तोंड पाडलेलं नाही. तो दुसरी सोय बघतो आणि संबंध शाबूत राहतात. मला ही पद्धत फार चांगली वाटते. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला ती ठाऊक नाही. त्याच्या कानाला ‘बघुया’ म्हणजे ‘प्रयत्न चालू आहे’. रात्री तू ‘उद्या सकाळी डॉल्फिनला जाऊ शकतो का?’ याला ‘बघुया’ म्हणालीस, की तो पोरांना पाच वाजता उठवून, आंघोळी घालून व्हरांड्यात बसवतो. आणि वारं सुटलेलं असेल तर नाव निघत नाही. मग तो तुला खोटारडी समजतो आणि तुला वाटतं की मी कबूल तरी काय केलं होतं. गावातल्या माणसाशी ‘बघुया’ खुशाल म्हण. पाहुण्याला मात्र पूर्ण सांग: ‘सकाळी वारं बघून नाववाला ठरवतो. साडेसहाला मी तुम्हाला नक्की काय ते सांगीन. नाव निघाली नाही तर पैसे द्यायचे नाहीत.’ नाव निघणार की नाही हे तुलाही ठाऊक नसतं, त्यात कमीपणा नाही. पण कधी कळेल हे तुला ठाऊक असतं, आणि त्याला तेवढं पुरतं.

लहानपणी देवळात गाऱ्हाणं ऐकलं आहेस ना? गाऱ्हाणं घालणारा नुसतं ‘सगळ्यांचं बरं कर’ म्हणून मोकळा होत नाही. कोणाचं पोर आजारी, कोणाची सोयरीक अडलेली, कोण मुंबईला कामाच्या शोधात, एकेक नाव घेऊन सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तसं नेमकं बोलायचं.

‘काळजी करू नका’ हे ‘बघुया’च्याच घरचं. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणाऱ्याला वाटतं माझी अडचण हिनं ऐकलीच नाही. गाडी चुकेल म्हणून घाबरलेल्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणू नकोस. इथून कुडाळ स्टेशनला किती वेळ लागतो, रिक्षा कोणाची आहे, ती दारात किती वाजता लागेल, ते सांग. पावसाळ्यात तर जास्तच जप. कोकण रेल्वे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवते आणि वेळापत्रक वेगळं लावते. नेहमीच्या वेळेवर विसंबून तू ‘आरामात पोचाल’ म्हणालीस आणि गाडी निघून गेली, तर पुढची रात्र त्या माणसाला फलाटावर काढावी लागेल.

जून-जुलैत एक वाक्य टाळ: ‘मासे नाहीत.’ समुद्राकाठी येऊन मासे नाहीत म्हटल्यावर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी कारण सांग. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस असतात आणि दर्या खवळलेला असतो. मग काय आहे ते सांग: खाडीतल्या कुर्ल्या, तिसरे म्हणजे शिंपले, सुका गोलमा म्हणजे जवळा. बर्फातला मासा असेल तर बर्फातला म्हणूनच सांग. हे ऐकून उठून गेलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. उलट बंदीची गोष्ट ऐकायला लोक खुर्ची पुढे ओढतात.

‘मी सांगितलं होतं ना’ हे मात्र कायमचं सोडून दे, तू कितीही खरी असलीस तरी. दहा वाजता गरम पाणी बंद होतं हे तू आल्या आल्या सांगितलंस, त्यांनी ऐकलं नाही, आणि साडेदहाला ते साबण लावून ओरडताहेत. त्या घटकेला कोण बरोबर होतं हे ठरवून काय मिळणार? बादली पाठव. ‘आमच्याकडे असंच असतं’ हेही तसंच. त्यानं समोरच्याच्या तोंडावर दार लागतं. दुसऱ्या दिवशीही तो ते विसरत नाही.

‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘म्हणजे कसंय’, यांची फार फिकीर करू नकोस. वयाबरोबर काही गळतात, काही राहतात. कोणाचं त्यात नुकसान नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न.

‘तुम्ही लोक किती निवांत असता!’ हे तुला सगळ्यात जास्त लागतं असं म्हणालीस. मलाही लागतं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा व्हिडिओ काढता काढता ‘काय मस्त लाईफ आहे’ म्हणणारे मी बघितले आहेत, आणि त्याच वेळी दोराच्या दोन्ही बाजूंना माणसांचे तळवे सोलत होते. पण हे बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अपमान नसतो. तो वर्षभर लोकलच्या गर्दीत उभा असतो आणि त्याला इथला वारा लागलेला असतो. त्याला टोमणा मारू नकोस. ‘सकाळी साडेपाचला लिलावाला चला माझ्याबरोबर’ म्हण. जे येतात ते परत निवांतपणाचं नाव काढत नाहीत. जे येत नाहीत, त्यांचं सोडून दे.

‘घरात कोणी जेन्ट्स नाही का बोलायला?’ याला मात्र मऊ उत्तर देऊ नकोस. आवाज न चढवता, नजर न हटवता सांग, ‘हिशोब मी बघते, खोल्या मी देते, बोला.’ लगेच वहीत बघून त्यांच्या खोलीचा नंबर आणि भाडं सांगून टाक. काम सुरू झालं की तो प्रश्न पुन्हा येत नाही. कधी आलाच, तर ते गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, मी तुझ्या मालकिणीला तसं सांगून ठेवीन. आणि तुझ्या हाताखालच्या पोराला कोणी ‘ए छोटू’ म्हणून हाक मारली, तर तू मोठ्यानं त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची. एवढ्यानं पुष्कळांच्या लक्षात येतं.

‘इथे बघण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न ऐकून आपणच ‘काही नाही हो, किल्ला आहे’ म्हणतो, तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. समोर उभा आहे तो सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. त्या माणसाचा प्रश्न उर्मट वाटला तरी तुझं उत्तर ऐकून त्याची पोरं विहिरी शोधत फिरतील.

‘चाकरमानी’, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेला कोकणातला माणूस, या शब्दावरून तुमच्या घरात वाद झाला असं म्हणालीस. 2025 च्या गणपतीआधी उपमुख्यमंत्र्यांनी सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं असे निर्देश दिले, तेव्हापासून पुष्कळ घरांत हा वाद आहे. तुझ्या आजोबांना त्या शब्दात मुंबईच्या गिरणीतली नोकरी आणि दर महिन्याची मनीऑर्डर दिसते, ते अभिमानानं म्हणतात. तुझ्या चुलतभावाला त्यात ‘चाकर’ ऐकू येतं. दोघांचंही खरं आहे. तू मध्यस्थी करू नकोस. ज्याला लागतं त्याच्या तोंडावर तो शब्द वापरायचा नाही, आणि आजोबांना दुरुस्त करायचं नाही.

आणि तुझ्या मालवणी हेलावरून कोणी ‘शुद्ध बोला जरा’ म्हणालं, तर हेल बदलू नकोस. दर, वेळ आणि रस्ता मात्र सावकाश, सुटा सुटा सांग, म्हणजे समजलं नाही असं म्हणायला जागा उरत नाही. बाकी बोलणं तुझं तुझ्याच चालीत राहू दे. येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तेच ऐकायला आलेले असतात.

पहिल्या आठवड्यात एवढं कर. जेवणाच्या फळ्यावर आज काय आहे, ते केवढ्याला आहे आणि किती वेळात मिळेल, हे तिन्ही लिही. दिवसभरात कोणी आवाज चढवलाच तर रात्री वहीत लिहून ठेव, त्याच्या आधी आपण नेमकं काय बोललो होतो. पुढच्या रविवारी मी येईन तेव्हा ती वही बरोबर बसून बघू.

नाववाल्याला फोन करायचा तो रात्री साडेआठच्या आत कर. तो लवकर झोपतो.

तुझी,
काकी