आजोबा एक, बापाची नावं दोन

कागल तालुक्यातल्या एका वाचकांनी कागदांचे फोटो पाठवलेत. (नावं मी बदललीत.) आजोबा गणपती. शाळेच्या जनरल रजिस्टरला 'गणपती राणू', जन्म 1 जून 1924. गावच्या जन्मनोंदीत 1922 साली राणूला मुलगा झाला एवढंच, मुलाचं नावच नाही. आणि 1948 च्या फेरफारात (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) तेच आजोबा 'गणपती बाळा', बाळाचे वारस. आता राणूच्या जमिनीला चुलत भावांनी वारसनोंद घातलीय, त्यात ह्यांना वगळलंय, चावडीवर नोटीस लागलीय, आणि एक एजंट म्हणतोय की 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं अ‍ॅफिडेव्हिट करा, गॅझेट करून घेऊ, काम फत्ते.

दादा, ते अ‍ॅफिडेव्हिट आत्ता करू नका. गॅझेटचं तर सोडाच, जिवंत माणसानं स्वतःचं नाव बदललं तर ते त्यासाठी असतं, वारलेल्या आजोबांचा बाप गॅझेटमधनं बदलत नसतो.

आजोबांच्या जन्मतारखेत तर अडकूच नका. 1 जून ही गुरुजींची तारीख, निम्मा महाराष्ट्र त्या दिवशी जन्मलाय. खरा प्रश्न बाप कोण हा आहे आणि त्याला तीन उत्तरं असू शकतात: राणू आणि बाळा एकच माणूस, किंवा भावकीत गणपती दोन, किंवा आजोबा दत्तक गेलेले. तुम्ही धरून चाललाय की एक कागद चुकीचा आहे, मला वाटतंय दोन्ही बरोबर असतील.

का ते सांगतो. फेरफाराच्या फोटोत तिसऱ्या ओळीला 'काशीबाई कोम बाळा' असं दिसतंय. जुन्या कागदात आडनाव शोधत बसू नका, तिथं 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. तर बाळाची बायको काशीबाई, त्याच्यापुढं एक 'द' दिसतोय आणि मग तुमचा अंगठा आलाय! त्या अंगठ्याखाली 'दत्तक' असेल तर सगळा खेळच बदलतो. मोठा माणूस कसा दत्तक जाईल म्हणाल, तर आपल्याकडच्या जुन्या हिंदू कायद्यात वयाची अट नव्हती, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला बाप्यासुद्धा दत्तक जायचा, आणि 1956 चा दत्तक कायदा यायच्या आधी लेखी दत्तकपत्र पाहिजेच असंही नव्हतं.

दत्तक ठरलं तर बाळाच्या जमिनीत तुमची बाजू घट्ट, पण राणूच्या जमिनीतला आजोबांचा हक्क साधारणपणे गेला. म्हणून म्हटलं अ‍ॅफिडेव्हिट नको, दोन्ही नावं एकाच माणसाची असं तुम्ही शपथेवर लिहून दिलं की दत्तकाचा आयता पुरावा चुलत भावांच्या हातात.

पण थांबा, एक मेख आहे. जुन्या कायद्यात बाप दत्तक गेला तरी दत्तकाच्या आधी जन्मलेला मुलगा त्याच्याबरोबर जात नव्हता, तो मूळ घरातच राहायचा. म्हणजे तुमचे वडील दत्तकाच्या आधी जन्मले असतील तर राणूच्या घरात तुमचा दावा अजून जिवंत आहे. आजोबांची तारीख सोडा म्हटलं खरं, वडिलांची मात्र जिवाचं रान करून शोधा, आणि दत्तक नेमकं कधी झालं तेही.

कुठं शोधायचं? तहसीलच्या रेकॉर्ड रूममधनं त्या फेरफाराची पूर्ण, सही-शिक्क्याची नक्कल काढा, नुसता सातबारा पुरत नाही, कारण नोंद का झाली ते फेरफाराच्या मजकुरात असतं. राणू वारल्यावरचा फेरफार बघा, तिथं गणपतीचं नाव नसेल तर तेही बोलकं आहे. शाळेत सगळ्या भावंडांच्या नोंदी मागा, शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं केल्यामुळं आपल्या भागात जुनी रजिस्टरं सापडतात. मोडी कागद निघाला तर जाणकाराकडनं लिप्यंतर करून घ्या, अंदाजानं वाचू नका. आणि तुमच्या घराण्याचा हेळवी अजून येतो का विचारा, बैल घेऊन येऊन पिढ्या वाचून दाखवणारा. त्याची वही म्हणजे सातबारा नव्हे, पण वाद लागायच्या आधीची जुनी वही असेल तर कोर्टात आधाराला उभी राहू शकते, आणि कोण कुणाच्या घरी दत्तक गेलं हे त्याला बऱ्याचदा भावकीपेक्षा जास्त माहीत असतं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, नोटिशीचे 15 दिवस मात्र थांबणार नाहीत. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. त्यात आजोबा कुणाचे हे ठासून लिहू नका, आमचा वारसहक्काचा वाद आहे, जुने अभिलेख मागवलेत, चौकशीशिवाय नोंद प्रमाणित करू नये, एवढंच. मग मंडळ अधिकारी सुनावणी घेतील. नोंद विरोधात गेली तरी 60 दिवसांत प्रांतांकडं (उपविभागीय अधिकारी) अपील आहे, आणि फेरफारानं मालकी ठरत नाही, ती शेवटी दिवाणी कोर्टातच. हायकोर्टापर्यंत गेलंच तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

हरकत उद्याच टाका. आणि तो फोटो परत पाठवा, अंगठा बाजूला घेऊन.