सून ड्युटीवर, म्हणून प्रार्थना बंद?

(घर, नोकरी आणि मंडळी, म्हणजे चर्च, यांतल्या अडचणींवर वाचकांची पत्रं आणि त्यांना आमच्या निवृत्त नर्स ‘सिस्टर’ची उत्तरं.)

प्रश्न : सिस्टर, सलाम. मी सोलापुरात सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नवरा एमआयडीसीत सुपरवायझर, त्याला रविवारी सुट्टी. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. सासूबाई पूर्वी बायबल वुमन (बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या सेविका) होत्या. त्यांच्याकडे रोज रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना व्हायची, ती इथंही व्हावी असा त्यांचा आग्रह. माझी दुपारपाळी दोन ते आठ. ओव्हर (पुढच्या पाळीला वॉर्डाची माहिती) देऊन, रिक्षा मिळवून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. त्या आठवड्यात घरात प्रार्थना होतच नाही. ‘सून घरात नाही, प्रार्थना कोण घेणार?’ असं त्या शेजारी सांगतात. महिन्यातले दोन-तीन रविवार माझे वॉर्डातच जातात. मी नसले की मुलगा संडे स्कूल बुडवतो, कारण त्याला उठवून तयार करणारं कुणी नाही. परवा महिला मंडळात पाळकबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “काही भगिनींना प्रभूच्या दिवसापेक्षा पगाराचा दिवस मोठा वाटतो.” सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. घराचं कर्ज आहे, नोकरी सोडता येत नाही. मुलीला पुढच्या वर्षी दहावी. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : सलाम, बाळा. नर्सिंगमधली आहेस, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या घरातली माणसं मोजली. तू धरून पाच. पैकी एकजण दुपारपाळीला गेली की उरलेल्या चौघांना ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणता येत नाही? चौघांत एक जन्मभर वस्त्यावस्त्यांतून बायकांना शास्त्र वाचून दाखवलेल्या बाई आहेत! विश्वासाचा प्रश्न तू स्वतःला विचारते आहेस. तो आधी तुझ्या नवऱ्याला विचारायला हवा होता, आणि पत्रात त्याचं नाव फक्त सुट्टीच्या संदर्भात आलंय.

रविवारच्या ड्युटीचं पहिल्यांदा बोलून टाकू, कारण ते सोपं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई आहे. येशूनं तिला शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, भर सभास्थानात बरं केलं. तिथला अधिकारी चिडला. येशूला थेट बोलायची हिंमत नाही, म्हणून लोकांना म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. (आमच्या ओपीडीच्या खिडकीवरच्या माणसाचाच सूर!) त्यावर येशूनं विचारलं, शब्बाथाला तुम्ही आपला बैल, आपलं गाढव सोडून पाण्यावर नेता की नाही? हा अध्याय पाळकबाईंना पाठ असणार. त्यांच्याशी भांडू नकोस, मंडळात उलट उत्तरही देऊ नकोस. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घे आणि सरळ सांग : “बाई, तुमच्या बोलण्यानं मला लागलं. रविवारी मी कुठं असते ते बघायला एकदा आमच्या वॉर्डात या.” वाटल्यास पेशंटसाठी प्रार्थना करायला बोलाव. वॉर्डातला रविवार ज्यांनी पाहिलेला नसतो त्यांना तो सुट्टीसारखाच वाटतो. रविवारी डॉक्टर कमी, नातेवाईक दुप्पट, आणि सलाईन संपल्याची हाक कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडून एकदम येते.

आणि हेही त्यांच्या कानावर घाल, की मराठी ख्रिस्ती बायका नर्सिंगमध्ये पगारासाठी घुसलेल्या नाहीत. डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेला रुग्णालय उभं केलं. त्या काळी परक्या माणसाच्या जखमा धुणं हे चांगल्या घरच्या मुलीचं काम समजलं जात नव्हतं. ते ज्या मुलींनी पत्करलं त्यांत आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी होत्या. रविवारी त्या काही पेशंटना घरी पाठवत नव्हत्या.

तरी उपासना चुकल्याची हुरहुर खरी असते, ती मी खोटी म्हणणार नाही. सगळे रविवार मागू नकोस, मिळणार नाहीत. एक पक्का कर. बऱ्याच मंडळ्यांत पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असतं. तुमच्याकडेही असेल, तर ड्युटी लिस्ट लागायच्या आधीच मेट्रनकडे तोच ऑफ माग. कारण लपवू नकोस, ‘घरचं काम आहे’ म्हणू नकोस. आणि बदल्यात काहीतरी दे. गौरी जेवणाच्या दिवशी हिंदू मैत्रिणीची पाळी घे, ईदला मुसलमान सहकारिणीची. मग 25 डिसेंबरला आणि पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटे त्या तुझी जागा धरतात. आमच्या वॉर्डात हा हिशेब कुणी कधी कागदावर लिहिला नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असायचा.

आता घर. रात्री आठची वेळ दहा आज्ञांत नाही. सासूबाईंच्या घरी ती जमत होती, कारण तेव्हा आठला सगळे घरात असायचे. तुझ्या दुपारपाळीच्या आठवड्यात प्रार्थना सकाळी ठेवा, मुलं शाळेला निघायच्या आधी, सगळे उभ्यानेच. एक कडवं, चार ओळी वचन, प्रभूची प्रार्थना, संपलं. नाइटच्या आठवड्यात आठची वेळ राहू दे, पण ती सासूबाईंनी घ्यायची. त्यांना हे जबाबदारी टाकल्यासारखं सांगू नकोस, मान दिल्यासारखं सांग, कारण तो मानच आहे. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता आणि मग आई युनीके हिच्यात. आजीचं नाव पहिलं आहे, सासूबाईंना हे दाखव. तीमथ्याचा बाप ग्रीक होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं, त्याच्या विश्वासाबद्दल अक्षर नाही. तुझ्या नवऱ्याला ती सवलत नाही. तो बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेला मंडळीचा सभासद आहे.

त्याच्याशी भांडणाच्या सुरात बोललीस तर तो ‘मी कुठं नाही म्हणतो’ म्हणेल आणि रविवारी नऊपर्यंत झोपेल. म्हणून वॉर्डात ओव्हर देतो तसं दे. शनिवारी रात्री, तोंडाने, नेमकं : मुलाचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर आहे, संडे स्कूल साडेआठला, दानाचे पैसे बायबलमध्ये ठेवलेत, येताना आईंना घेऊन यायचं. आणि मग ड्युटीवरून फोन करून ‘उठलात का’ विचारायचं नाही. एखाद्या रविवारी मुलगा विनाइस्त्रीचा जाईल, एखाद्या रविवारी जाणारच नाही. जाऊ दे. तू फोन करत राहिलीस तर ते काम तुझंच राहील.

दहावीचं आणखी एक. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, सगळ्या सेवेत मिळून 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. आमच्या वेळी ही नव्हती. परीक्षेच्या दिवसांत आम्ही नाइट करून सकाळी मुलांना सेंटरवर सोडायचो. तुझी शिल्लक असेल तर परीक्षेच्या महिन्यासाठी आत्तापासून बोलून ठेव. ती मंजूर करून घ्यावी लागते, आयत्या वेळी अर्ज टाकून भागत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आमचं एकच ख्रिस्ती घर. सहा वर्षांची मुलगी गणपतीत सगळ्यांबरोबर खेळते, नाचाच्या कार्यक्रमातही घेतलंय. तिच्या हातावर कुणी मोदक ठेवला की मला काय करावं कळत नाही. माझी जाऊ म्हणते, पोरीला दहा दिवस घरात ठेव. 
– एक आई, पिंपरी

उत्तर : दहा दिवस घरात ठेवलेली पोर अकराव्या दिवशी आईवर रागावलेली असेल, दुसरं काही होणार नाही. तिला खेळू द्या. नाच कोणत्या गाण्यावर आहे ते बघा. आरती नसेल आणि नुसता कोळीगीताचा नाच असेल, तर माझी हरकत नसती.

प्रसादाबद्दल आपल्यात एकमत नाही आणि ते मी एका उत्तरात करणार नाही. पौलापुढं हाच प्रश्न करिंथच्या मंडळीनं ठेवला होता. त्यानं पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दोन्ही बाजू सांभाळल्यात : मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण तुझ्या खाण्यानं दुबळ्या विवेकाचा भाऊ अडखळत असेल तर जप. तुम्ही दोघं नवरा-बायको बसून काय ते ठरवा आणि मुलीला आधीच सांगा. न खायचं ठरलं, तर तिला ‘थँक्यू काकू’ म्हणून दोन्ही हातांनी घ्यायला शिकवा, घरी आणून तुमच्याकडे देईल. हातावर ठेवलेलं परत करायला सहा वर्षांच्या पोरीला लावू नका. त्या काकूंनी तिला लेक समजून दिलंय.

आणि जाऊबाईंना आठवण करून द्या, आपण कवी ना. वा. टिळकांची भजनं डोळे मिटून गातो. ते रेव्हरंड टिळक स्वतः सांगत, की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. शेजाऱ्यांचा धर्म नुसता टाळून त्यांचं एकही भजन झालं नसतं. नाताळात तुम्ही ताटं वाटता ना? त्यातली करंजी सोसायटीत कुणी परत केली आहे का?

प्रश्न : मी शाळेत शिकवते. नाताळची सुट्टी एकच दिवस. चकली, शेव मी बाहेरून आणते, पण सासरे म्हणतात, अनारसे घरचेच हवेत. कसं जमवू? 
– एक शिक्षिका, जालना

उत्तर : सासऱ्यांचं अनारशापुरतं बरोबर आहे, बाकी सगळं खुशाल विकत आणा. शिवाय फराळात नोकरी करणारीला सोयीचा पदार्थ हाच, कारण त्याचं काम तुकड्यातुकड्यानं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी जुना तांदूळ भिजत घाला. तीन दिवस, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास मारतो. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरा. हाताला दमट लागतो आहे तोवरच दळा आणि बारीक चाळणीनं चाळा. पिठीच्या बरोबरीला किंचित कमी चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून घट्ट गोळे करा. डब्यात दाबून ठेवले की तुमचं काम संपलं, आठ-दहा दिवस ते आपोआप मुरतं.

22-23 तारखेला शाळेतून आल्यावर तळायला बसा. खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप वरून उडवायचं. पहिला तुपात हसला (विरून पसरला) तर घाबरू नका, गोळ्यात थोडी कोरडी पिठी मळा. तळलेले चाळणीत उभे करून ठेवा, म्हणजे तूप निथळतं. आणि झारा सासऱ्यांच्या हातात द्या. घरचे हवेत म्हणतात ना, तर बसू देत शेगडीपाशी.