पंचवीस टक्के मागणारा वकील, की ठरलेली फी?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: यजमान गवंडीकाम करतात, वय ३७. चार महिन्यांपूर्वी बेळगावहून दुचाकीवर परतताना मागून आलेल्या ट्रकने उडवलं. नडगीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. बेळगावच्या दवाखान्यात १ लाख ९० हजार खर्च झाला. त्यातले दीड लाख महिना तीन टक्क्यांनी खासगीत उचललेत. ट्रक कोल्हापूरकडचा आहे, विमा चालू आहे आणि ड्रायव्हरवर गुन्हा नोंद झालाय. आता विमा कंपनीचा माणूस म्हणतो, अडीच लाख घ्या आणि मिटवा. बेळगावातला एक वकील म्हणतो, आधी एक रुपया नको, मिळेल त्यातले २५ टक्के द्या. दुसरे एक वकील ६० हजार फी तीन टप्प्यांत मागतात, कागदपत्रांचा आणि साक्षीदार डॉक्टरांचा खर्च वेगळा. आणि भाऊ म्हणतो, कोल्हापुरात दावा लावू, तिथं सगळं मराठीत चालतं. काय करू?

ताई, अडीच लाखांवर सही करू नका. एवढं आधी ठरवा, मग बाकीचं बोलू.

हा आकडा कुठून आला ते सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे न बघता गंभीर जखमीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख मिळतात. म्हणजे कंपनीचा माणूस तुमच्यावर उपकार करत नाहीये, कायद्यातला ठरीव आकडा पुढे करतोय. आणि त्या तडजोडीत ही रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे ट्रकवाल्याची चूक दाखवून पूर्ण नुकसान मागायचा मोठा दावा संपतो. अडीच लाखांतून दवाखान्याचे १ लाख ९० हजार वजा केले की हातात ६० हजार उरतात, आणि पाय आयुष्यभराचा.

आता मोठ्या दाव्यात काय मिळू शकतं ते मांडू. महिन्याला १८ हजार मिळतात असं तुम्ही लिहिलंय, पण पगारपत्रक नाही. अशा वेळी कर्नाटकातली अपघात दाव्यांची न्यायाधिकरणं बहुतेकदा राज्य विधी सेवा प्राधिकरणाचा वर्षनिहाय गृहीत उत्पन्नाचा तक्ता बघतात. मी सावधपणे १५ हजार धरतो. वर्षाचे १ लाख ८० हजार. ३६ ते ४० वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५; हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात ठरवून दिलंय. झाले २७ लाख. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व ४५ टक्के सांगितलंय. पूर्ण शरीराचं धरताना त्याचा साधारण तिसरा हिस्सा घेतात, म्हणजे १५ टक्के. २७ लाखांचे १५ टक्के म्हणजे ४ लाख ५ हजार. त्यात दवाखान्याचे १ लाख ९० हजार, पाच महिने बुडालेल्या कामाचे ७५ हजार आणि वेदना, सोबतीचा माणूस, येणं-जाणं, खुराक यांचे मिळून लाखभर धरा. बेरीज ७ लाख ७० हजार. कोर्टाने अपंगत्व दहाच टक्के धरलं तरी ६ लाख ३५ हजार. शिवाय दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

इथं एक गोष्ट वकिलाला ठासून सांगा. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालंय की दाखल्यावरची टक्केवारी तशीच उचलायची नाही, त्या दुखण्याने माणसाची कमाई किती घटली ते बघायचं. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला असा पाय सांभाळून नेता येतो. गवंड्याला परांचीवर चढायचं असतं, पाटी उचलायची असते, उकिडवं बसून फरशी घासायची असते. परांची बंद झाली तर अर्धं काम गेलं. हे कोर्टापुढे यायला हवं: ज्या ठेकेदाराकडे यजमान काम करायचे त्याची साक्ष, मुकादमाची हजेरीची वही, आणि बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर तेही. त्या कार्डामुळे धंदा सिद्ध व्हायला मदत होते, आणि मंडळाकडे अपघात मदतीचा वेगळा अर्जही करता येतो. तो आजच चौकशी करून टाका.

आता वकील. २५ टक्के म्हणजे वरच्या हिशेबाने १ लाख ६० हजार ते १ लाख ९० हजार. दुसऱ्यांचे ६० हजार, वर खर्चाचे वीसेक हजार धरले तरी ८० हजार. टक्केवारीवाल्याची बाजूही मी समजून घेतली. तो म्हणेल, हरलो तर मला काहीच नाही, जोखीम माझी. ज्या दाव्यात ट्रकच सापडत नाही किंवा विमा संपलेला आहे, तिथं हे बोलणं पटलं असतं. तुमच्याकडे गाडीचा नंबर आहे, विमा आहे, मागून धडक आहे, ड्रायव्हरवर गुन्हा आहे. ज्या जोखमीचे लाखभर रुपये जास्त मागितले जातायत ती इथं फार थोडी आहे.

आणि मुळात असा करार कायद्यात बसत नाही. निकालावर फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही, हा बार कौन्सिलचाच, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचाच नियम आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी. सुनीता प्रकरणात हेच सांगितलं, आणि ते प्रकरणही अपघाताच्या भरपाईतल्या टक्केवारीचंच होतं. म्हणून टक्क्यांच्या बाँडवर सही नको, कोरे चेक नकोत, पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात नको. भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात जमा व्हावी असं मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. खातं यजमानांच्या नावाचं, चालू आणि केवायसी झालेलं ठेवा.

भावाचं म्हणणं कायद्याने चुकीचं नाही. जिथं अपघात झाला, जिथं दावेदार राहतो किंवा जिथं प्रतिवादी राहतो, तिथं दावा लावता येतो. पण एफआयआर, पंचनामा, जखमेचा दाखला, सगळं इकडचं. पोलिसांचे कागद कन्नडमध्ये, कोल्हापुरात प्रत्येकाचं भाषांतर लागेल. उपचार करणारे डॉक्टर बेळगावचे, ते साक्षीला कोल्हापूरपर्यंत येतील का? प्रत्येक तारखेला यजमानांचा तो पाय घेऊन निपाणी ओलांडायची. दावा बेळगावातच लावा, मात्र कन्नड कागद वाचून तुम्हाला मराठीत समजावणारा वकील घ्या. जबाबात ‘मागून धडक’ असंच लिहिलंय का, हे शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय कुठंही सही करू नका. आपल्या भागात न वाचता केलेल्या सह्यांनी किती दावे अडलेत, बघून जीव तुटतो.

घाई कशाची असेल तर मुदतीची. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर बसू नका. दोन महिने आहेत तुमच्याकडे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. दीड लाखाला महिना तीन टक्के म्हणजे महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार. दावा दोन-तीन वर्षं चालेल. हे व्याज डोक्यावर असलं की सहाव्या महिन्याला तुम्हीच म्हणाल, ‘द्या काय देताय ते.’ कंपनी नेमकी त्याचीच वाट बघते. घरात चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत, पण बँकेत ठेवायला मन होत नाही असं तुम्ही लिहिलंय. ताई, ठेवा. बँकेचं सोनेतारण कर्ज साधारण ९ ते १२ टक्के वर्षाला पडतं. दहा टक्के धरले तर वर्षाला १५ हजार. वर्षाकाठी ३९ हजार वाचले, दोन वर्षांत ७८ हजार. वकिलाची सगळी फी त्यात निघते. दीड लाखापुरत्याच पाटल्या ठेवा, उरलेल्या घरी राहू द्या, आणि दरवर्षी व्याज भरून कर्ज मुदतीआधी नव्याने करून घेत जा म्हणजे लिलावाची वेळ येणार नाही.

साठ हजारांचे टप्पे असे मागा: दाखल करताना थोडे, साक्षी सुरू झाल्यावर थोडे, युक्तिवादानंतर उरलेले. फीचं पत्र लेखी घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती. तेवढेही जमत नसतील तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं वकील मोफत मिळतो.

मध्येच लोक अदालतीत मिटवण्याचा विषय निघेल. जायला हरकत नाही, वेळ वाचतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून साडेपाच लाखांच्या खाली होकार देऊ नका. पैसे आल्यावर त्यातला काही भाग कोर्ट बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगेल. तो ठेवा. हातात येईल त्यातून आधी पाटल्या सोडवा, मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. यजमान परांचीवर चढू शकणार नसतील तर जमिनीवरची छोटी कामं ठेक्याने घ्यायला भांडवल लागेल, ते उरलेल्यातून.