सर्व्हर एका क्लायंटला नीट चालतो, गर्दी झाली की ओपनएसएसएलमध्ये कोसळतो. कुठे बघू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) वर सी भाषेत लिहिलेला सर्व्हर, नेटवर्कवरचा संवाद गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल लायब्ररी, आवृत्ती १.०.२, प्रत्येक नव्या थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या) सुरुवातीला लायब्ररीची जुळवाजुळव करणारं एसएसएल_लायब्ररी_इनिट. एक क्लायंट असला की सुरळीत, तीस-चाळीस आले की सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून कोसळणं), आणि बॅकट्रेस (कोसळताना कुठलं फंक्शन चालू होतं त्याची यादी) दर वेळी निराळा.

तो निराळा बॅकट्रेस हीच खरी खूण: थ्रेड लॉक न लावता एकाच डेटात लुडबुड करतायत. बहुतेकदा तो मेमरी परत करणाऱ्या फ्रीमध्ये संपतो आणि आपण स्वतःच्या मॅलॉकचे (मेमरी मागण्याचे) हिशेब तपासत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आधी ते इनिट थ्रेडमधून काढा. मेनमध्ये (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये), पहिला थ्रेड सुरू होण्याआधी, एकदाच. पण एवढ्याने भागणार नाही. १.०.२ स्वतः लॉक लावत नाही, ते काम तुमच्यावर सोडते. क्रिप्टो_नम_लॉक्स जेवढा आकडा देईल तेवढे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कुलपं) तयार करायचे आणि लॉकिंगचा कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने गरजेला बोलवायचं तुमचं फंक्शन, नोंदवायचा. थ्रेड-आयडीचा कॉलबॅक लिनक्सवर दिला नाही तरी चालतं: एररनोचा (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) मेमरीतला पत्ता प्रत्येक थ्रेडला वेगळा असतो, लायब्ररी त्यावरूनच थ्रेड ओळखते. लॉकिंगच्या कॉलबॅकला मात्र पर्याय नाही.

हे सगळं करूनही माझा एक सर्व्हर पडायचा. दिवसभर ठीक, पहाटे निवांत असताना डेटाबेसची कनेक्शनं बंद व्हायची आणि सकाळी पहिल्या गर्दीत धाडकन. शेवटी चालू प्रोसेसला जीडीबी हा डीबगर जोडून क्रिप्टो_गेट_लॉकिंग_कॉलबॅक काय देतं ते पाहिलं. शून्य! मी लावलेला कॉलबॅक गायब. पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारी लिबपीक्यू लायब्ररी (आमची बरीच जुनी होती) एसएसएल कनेक्शन उघडताना स्वतःचा कॉलबॅक लावायची आणि शेवटचं कनेक्शन मिटलं की काढून टाकायची. पहिल्या कनेक्शनआधी पीक्यूइनिटओपनएसएसएल(०, ०) म्हणा, म्हणजे ती यात हात घालत नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. तुमच्याकडे लिबकर्ल (वेबवरून डेटा आणणारी लायब्ररी) असेल तर कर्ल_ग्लोबल_इनिटसुद्धा मेनमध्येच, थ्रेडच्या आधी.

एसएसएल_सीटीएक्स (सर्टिफिकेटसारखी सामाईक सेटिंग ठेवणारा ऑब्जेक्ट) सगळ्या थ्रेडना मिळून एक चालेल, फक्त त्याची सेटिंग आधीच उरकून घ्या. एकच एसएसएल ऑब्जेक्ट (म्हणजे एक कनेक्शन) मात्र दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचा नाही, एक वाचतोय आणि दुसरा लिहितोय असंही नाही. त्याला लॉकिंग कॉलबॅकही वाचवत नाही.

जमत असेल तर सरळ मशीनच बदला. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपलाय. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल १.१.० पासून लॉक आणि इनिट दोन्ही लायब्ररी स्वतः सांभाळते. जुने कॉलबॅकचे कॉल तिथे नुसते रिकामे मॅक्रो (काहीच न करणारी नावं) आहेत, त्यामुळे ते राहिले तरी कंपाइल होतं. तिथली मेख वेगळी: प्रोग्रॅम संपताना सफाई आपोआप होते. वर्कर थ्रेड अजून राबत असताना मेन संपला तर आत्ताचा सेगफॉल्ट बंद होताना भेटेल, म्हणून आधी सगळे थ्रेड जॉइन करून घ्या, म्हणजे ते संपेपर्यंत थांबा.