जुन्या मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब दर महिन्याला उडतो. काय करावं?

नुसता बल्ब बदलत राहू नका, आधी व्होल्टेज बघा. जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट बहुतेक बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. रेस वाढली की व्होल्टेज वाढतं आणि त्याला आवर घालायचं काम आरआर युनिटचं, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरचं. ते बिघडलं किंवा त्याची अर्थिंग सुटली की बल्बवर जास्त दाब येतो. व्होल्टेज ५ टक्के जरी वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात बल्ब उडायचा, तोही रेस दिल्यावरच. तीन बल्ब गेले. शेवटी टाकी काढली, तर आरआर युनिटच्या बोल्टखाली हिरवट गंज चढलेला. आपल्याकडचा पाऊस, दुसरं काय! पॉलिश पेपरने घासून बोल्ट घट्ट केला, तेव्हापासून तोच बल्ब टिकून आहे.

मल्टिमीटर एसीवर ठेवून, लाइट चालू असताना रेस द्या. आकडा साडेचौदा व्होल्टच्या वर पळत असेल तर युनिट बदला. रात्री अंधाऱ्या घाटात लाइट जाणं जिवावर बेतू शकतं, तिथे पैसे वाचवू नका.

होल्डर ढिला असेल तर खड्ड्यांच्या हादऱ्याने फिलामेंट तुटते, तेही बघा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा. आणि ३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्ब मुळीच नको, होल्डर वितळतो.