पहिला प्रीअँप घेण्यापूर्वी
नवा, आटोपशीर प्रीअँप (सीडी प्लेअरसारखा स्रोत आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मध्ये बसणारे यंत्र) घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र त्याचे काम केवळ आवाज मोठा करणे हे नव्हे. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल येतो आणि बहुतेक पॉवर अँपना तेवढा पुरतो, त्यामुळे स्रोत निवडणे, आवाज कमी-जास्त करणे आणि पुढच्या यंत्राला सिग्नल न दमता पुरवणे, यासाठीच प्रीअँप लागतो. म्हणून माहितीपत्रकात आधी आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सिग्नलला यंत्राचा स्वतःचा विरोध, पाहावा. पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला त्याचा विरोध, प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा, हा जुना ठोकताळा आजही चालतो. रेकॉर्ड ऐकणार असाल तर फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणारी सोय) हवाच, कारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईच्या एका प्रचलित प्रकारच्या डबीतून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात.

दुकानात आवाजाची कळ अगदी खाली ठेवून ऐका. स्वस्त पोटेन्शिओमीटरमध्ये (कळीमागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात) तिथेच डावी-उजवी बाजू असमान होते. माझ्या पहिल्या यंत्रात रात्री हळू आवाजात गायक डावीकडे सरकत असे आणि मी कित्येक महिने बिचारे स्पीकरच हलवत बसलो होतो.

तुमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा छोटे यंत्र तापणाऱ्या पॉवर अँपच्या डोक्यावर ठेवू नका. स्पीकरमधून गुणगुण आली, तर नवी केबल आणण्याआधी घरातील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. उरलेल्या पैशांत जाड सोलापुरी चादर दुहेरी करून उघड्या भिंतीवर टांगा. खर्जावर तिचा परिणाम होणार नाही, पण टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट निश्चित कमी होईल.